आउट कोण, ते मुलांना ठरवू द्या

कोलकात्यात बालीगंजजवळच्या रवींद्र सरोवराच्या काठी रविवारी सकाळी शेजारपाजारच्या मराठी-बंगाली घरांतली पाच ते नऊ वर्षांची मुलं जमतात. त्यांना खेळवता खेळवता जे उमगलं, ते असं.

१. नियम आधी ठरवा, तेही मुलांच्या तोंडून. कुमीरडांगा या इथल्या खेळात उंचवट्यावर असेल तो वाचतो, खाली उतरेल त्याला मगर धरते. मग झाडाचं मूळ उंचवटा धरायचं का? पायरीवर एकच पाय असला तर? हे आधीच बोललं की निम्मी भांडणं होतच नाहीत. मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या स्विस मुलांवरचा अभ्यास १९३२ साली पुस्तकरूपात मांडला. लहानग्यांना नियम मोठ्यांनी घालून दिलेला, अढळ वाटतो. दहा-अकराच्या सुमारास तो सगळ्यांनी मिळून ठरवलेला असतो हे कळतं. ही समज बरोबरीच्या भिडूंशी खेळूनच पक्की होते.

२. खरं बोलणं महाग पडू देऊ नका. खोखोत ‘खो’ मिळायच्या आधीच आपण उठलो का, हे पुष्कळदा उठणाऱ्यालाच ठाऊक असतं. एकदा सात वर्षांची एक मुलगी धावता धावता थबकली. “काकिमा, मी आधीच उठले होते,” म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. तिचे भिडू तिच्यावर उखडले. मी सर्वांसमोर एवढंच म्हटलं, “तिने सांगितलं म्हणून आपल्याला कळलं.” आउट झालेल्याला पुढच्या डावात लगेच घ्यायचं, हाही आमचा नियम आहे. तासभर बाजूला बसावं लागणार असेल, तर खोटं बोलायचा मोह होणारच.

३. पंच होऊ नका. “तो आउट आहे ना?” असं कुणी विचारत आलं, की दोघांनाही बोलू द्यायचं. एकमत झालं नाही तर डाव पुन्हा.

४. राज्य कुणावर येतं, यावर नजर ठेवा. ते सारखं एकाच दुबळ्या मुलावर येत असेल, तर तो न्याय नव्हे. सर्वांत धाकट्याला लिंबूटिंबू म्हणून जरूर सांभाळा. मात्र “आता मलाही मोजा” असं तो म्हणाला, की त्याला पुरता भिडू करा.

५. रडीचा डाव खेळणाऱ्याला चारचौघांत खोटारडा म्हणू नका. बहुतेकदा त्यामागे हरण्याची भीती असते. नंतर जवळ घेऊन बोला.

६. गंमत राखा. बालीगंजमधला गुरुसदय रोड ज्यांच्या नावाचा, त्या गुरुसदय दत्तांनी १९३२ सालीच व्रतचारी चळवळ सुरू केली. ज्ञान, श्रम, सत्य, ऐक्य आणि आनंद ही तिची पाच व्रतं. सत्याच्या पंगतीत त्यांनी आनंदालाही बसवलं, हे मला फार मोलाचं वाटतं. डाव रंगला, तरच तो मोडू नये असं मुलांना मनापासून वाटतं. आणि तो मोडू द्यायचा नसेल, तर खरं बोलावं लागतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.