वारा फेब्रुवारीत, परीक्षाही फेब्रुवारीत

मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर जानेवारी सरला की दुपारचा वारा वायव्येकडून धरतो आणि ऊन कलेपर्यंत टिकतो. काइटसर्फिंग आणि विंडसर्फिंग करणाऱ्यांचे हेच खरे दिवस. गोवा मंडळाची बारावीची परीक्षाही आता फेब्रुवारीतच सुरू होते. पेडणे तालुक्यातल्या ज्या घरात सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असा खेळ मनापासून खेळते, तिथं वाद पेटतो तो याच महिन्यात. डिचोलीला समुद्र नाही. तिथं हाच वाद पेंचक सिलाट, तलवारबाजी, रोलबॉल किंवा मल्लखांबावरून होऊ शकतो. प्रश्न मात्र एकच असतो: ‘या खेळात पुढं काय?’

हा प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांना जुन्या विचारांचं ठरवून मोकळं होऊ नये. २०१२ साली खाणी थांबल्या, पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, आणि डिचोलीतल्या कितीतरी दारांत ट्रक उभे राहिले. भरवशाचं वाटणारं उत्पन्न कसं एकाएकी बंद पडतं, हे या पालकांनी पाहिलं आहे. मुलांनी पक्क्या पायावर उभं राहावं असं त्यांना वाटतं, त्यामागं हा अनुभव आहे. म्हणून त्यांना ‘मुलांना त्यांच्या मनासारखं करू द्या’ एवढंच सांगणं पुरेसं नाही. हिशेब मांडून दाखवायला हवा.

तर हिशेब असा. क्रिकेट किंवा फुटबॉलमध्ये गोव्याच्या संघात पोचायलाच उमेदीची वर्षं जातात. कमी खेळल्या जाणाऱ्या खेळात राज्याच्या संघात जागा मिळणं आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धेला जाणं तुलनेनं लवकर घडतं. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गोव्यात झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत चाळीसहून अधिक क्रीडाप्रकार होते. रोलबॉल, पेंचक सिलाट, स्क्वे, सेपक टकरा हे त्यात पहिल्यांदाच आले. गोव्यानं २७ सुवर्णांसह ९२ पदकं मिळवली. एवढ्याशा राज्याला हे जमलं त्यात ज्यांची नावंही आपण क्वचित ऐकतो अशा खेळांचा हात होता.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू पालकांना कुणी सांगत नाही. असा खेळ लवकर वर नेतो, मात्र वर गेल्यावर दारं मोजकीच असतात. राष्ट्रीय पदक गळ्यात आहे आणि प्रवेशाच्या अर्जात त्या खेळाचं नावच नाही, असं होऊ शकतं. आयआयटी मद्रासनं २०२४ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी. पण जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावंच लागतं, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय पदक अलीकडच्या चार वर्षांतलं लागतं, आणि खेळ त्यांच्या यादीत असावा लागतो. दिल्ली विद्यापीठातही क्रीडा कोट्यातून प्रवेश घ्यायचा तर सीयूईटी ही प्रवेशपरीक्षा चुकत नाही. म्हणजे खेळाच्या जोरावर अभ्यास टाळता येतो ही समजूत पहिल्यांदा काढून टाकावी. गुणांची अट सैल होते, परीक्षा सुटत नाही.

नोकरीचं चित्र थोडं बरं आहे. केंद्र सरकारच्या क गटातल्या पदांवर खेळाडूंची जी थेट भरती होते, तिच्या यादीत आधी ४३ खेळ होते. सप्टेंबर २०२० मध्ये त्यात २० खेळांची भर पडली. मल्लखांब, तलवारबाजी, रोलबॉल, पेंचक सिलाट, सेपक टकरा, सॉफ्ट टेनिस, रस्सीखेच हे सगळे त्या वाढीव यादीतले. शिडाच्या नौकांचा खेळ आधीपासूनच यादीत होता. तुमच्या मुलाचा खेळ तिथं आहे का, हे आजच पाहा. नसेल तर खेळ सोडायचा असं नाही, पण सरकारी नोकरीचा आधार धरून गणित मांडायचं नाही, एवढं घरात स्पष्ट असू द्या.

आता प्रमाणपत्रांबद्दल. यावर मी जरा थांबणार आहे, कारण घात होतो तो इथंच. कमी प्रसिद्ध खेळांत एकाच खेळाच्या दोन-दोन संघटना असतात, आणि ‘अखिल भारतीय’ किंवा ‘राष्ट्रीय’ हा शब्द कुणीही फलकावर लिहू शकतो. हजारो रुपये प्रवेश शुल्क भरून, रात्रभर रेल्वेनं प्रवास करून मूल पदक आणतं आणि नंतर कळतं की त्या कागदाला सरकारदरबारी किंमत नाही. केंद्रीय भरतीसाठी प्रमाणपत्रांचे नमुने ठरलेले आहेत: आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं राष्ट्रीय महासंघाकडून, राष्ट्रीय स्पर्धेचं राज्य संघटनेकडून, आंतरविद्यापीठ स्पर्धेचं विद्यापीठाच्या क्रीडा अधिकाऱ्याकडून, शालेय राष्ट्रीय स्पर्धेचं शिक्षण संचालनालयाकडून. म्हणून संघटनेला केंद्रीय क्रीडा मंत्रालयाची मान्यता आहे का, ती सध्या चालू आहे का, आणि राज्य शाखा तिच्याशी जोडलेली आहे का, हे स्पर्धेची फी भरण्याआधी विचारावं. विचारलं म्हणून प्रशिक्षक रागावत असतील तर तेवढ्यानंच सावध व्हावं. मान्यताप्राप्त महासंघांची प्रमाणपत्रं डिजिलॉकरवरून देण्याची पद्धतही सुरू झाली आहे. स्पर्धा संपल्यावर ते तिथं आलं का, हे पाहण्याचं काम मुलालाच सांगा.

दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांचंही तसंच. ते आपोआप जमा होत नाहीत, शाळेमार्फत वेळेत प्रस्ताव जावा लागतो. शारीरिक शिक्षणाच्या सरांना वर्षाच्या सुरुवातीलाच भेटून ठेवलेलं बरं.

खेळाडू घडतो कशानं, याची दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. गोव्याचे डेन आणि काट्या कुएलो ही भावंडं २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत विंडसर्फिंगमध्ये भारताकडून एकत्र उतरली. त्यांचे वडीलही विंडसर्फर. खेळ घरातच होता, पाण्याची भाषा लहानपणीच कानावर पडलेली. दुसरं उदाहरण नेहा ठाकूरचं. ती मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली शेतकऱ्याची मुलगी. तिथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. ती भोपाळच्या तलावावर, राज्याच्या अकादमीत शिडाची नौका शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सतराव्या वर्षी रौप्यपदक घेऊन आली. हरमल किंवा केरीच्या मुलाच्या दाराशी समुद्र आहे, पण नौका, प्रशिक्षक, वसतिगृह आणि शाळा एका जागी देणारी व्यवस्था दाराशी असेलच असं नाही. नेहाला समुद्र मिळाला नव्हता, व्यवस्था मिळाली होती. माझ्या मते पालकांनी मुलाच्या गुणवत्तेइतकाच शोध या व्यवस्थेचा घ्यावा. मांडवीच्या पलीकडे वेरेंच्या बाजूला आयएनएस मांडवीवर नौदलाची मुलांसाठी क्रीडा कंपनी आहे. तिथं शिडाच्या नौकांचं प्रशिक्षण आणि शालेय शिक्षण बरोबर चालतं. मात्र तिथली भरती लहान वयात होते. अकरावीत गेलेल्या मुलासाठी ती वाट उरत नाही, धाकट्या भावंडासाठी उरू शकते. खेलो इंडियाच्या शिष्यवृत्तीसाठी निवड झाली तर वर्षाला ६.२८ लाख रुपयांपर्यंतचा भार सरकार उचलतं, त्यातले महिन्याला १० हजार हातखर्चाचे. तीही ठरावीक खेळांसाठीच.

बुद्धिबळाचं तेवढं वेगळं. त्याला ना वारा लागतो ना महाग साहित्य, आणि त्याची जागतिक क्रमवारी सगळीकडे मानली जाते. गोव्याचा लिओन मेंडोन्सा २०२० मध्ये टाळेबंदीमुळं वडिलांबरोबर हंगेरीत अडकला आणि युरोपातच खेळत राहून वयाच्या चौदाव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. गोव्याच्याच भक्ती कुलकर्णीला अर्जुन पुरस्कार मिळाला. अमेरिकेतली काही विद्यापीठं चांगल्या बुद्धिबळपटूंना शिष्यवृत्ती देतात. इथं कॉलेज आणि खेळ एकमेकांना ओढून नेऊ शकतात.

इतर खेळांच्या बाबतीत वेळापत्रकच बदलावं लागतं. समुद्रावर खेळणाऱ्या मुलाला निसर्गानं पावसाळ्याचे चार महिने दिलेले आहेत. जून ते सप्टेंबर पाणी खवळलेलं असतं, सराव जवळजवळ नसतो. बारावीच्या वर्षी अभ्यासक्रमाचा मोठा भाग चतुर्थीपर्यंत उरकायचा, असं मे महिन्यातच ठरवावं. मग फेब्रुवारीत वारा आणि पेपर एकत्र आले तरी मुलाला पाण्यापासून पूर्ण तोडावं लागत नाही, आठवड्यातून दोन दुपारी निघू शकतात. सभागृहातल्या खेळांना हा निसर्गाचा दिलासा नाही. तिथं प्रशिक्षकाशी बोलून परीक्षेआधीचे दोन महिने सराव निम्म्यावर आणावा.

शाखा आणि कॉलेज निवडताना प्रवासाचे तास मोजावेत. विर्नोड्याचं संत सोहिरोबानाथ आंबिये शासकीय महाविद्यालय पेडण्यातल्या मुलाला आणि साखळीचं शासकीय महाविद्यालय डिचोलीतल्या मुलाला रोजचे दोन-तीन तास वाचवून देऊ शकतं. नाव मोठं म्हणून पणजी गाठायची आणि कदंबा बसमध्ये सरावाची वेळ घालवायची, हे खेळाडूला परवडत नाही. हजेरीत सवलत मिळेल का, आंतरविद्यापीठ स्पर्धेला संघ जातो का, हे प्राचार्यांना प्रवेशाआधी विचारा. नव्या चार वर्षांच्या पदवी रचनेत श्रेयांक साठवून मधेच थांबता आणि पुन्हा जोडून घेता येतं. राष्ट्रीय शिबिराला निवड झालेल्या मुलासाठी ही सोय मोलाची आहे. व्यावसायिक अभ्यासक्रम हवा असेल तर पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. ज्याला खेळाच्याच क्षेत्रात राहायचं आहे त्याच्यासाठी ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आणि इम्फाळचं राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ आहे. पाण्यावरच्या कामासाठी तर राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यातच आहे.

पैशाबद्दल एकच आग्रह. शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीला खेळासाठी हात लावू नका. विंडसर्फिंगचं स्पर्धेच्या दर्जाचं साहित्य लाखांत जातं, दुसऱ्याचं वापरलेलं घेऊन सुरुवात होते. खेळाचा वर्षाचा आकडा वेगळा ठरवा, तो मुलालाही सांगा, आणि कोणत्या स्पर्धेला जायचं हे त्या आकड्यात बसवून त्यालाच निवडू द्या. अनेकदा मुलं आपल्यापेक्षा काटेकोर निघतात.

आणि दर वर्षी मे महिन्यात, निकाल आणि हंगाम दोन्ही हातात आल्यावर, घरात एकदा शांत बसून बोला: यंदा वरच्या पातळीवर गेलो का, अभ्यासात काय राहिलं, शरीर काय म्हणतं, पुढचं वर्ष याच खेळाला द्यायचं का. मुलानं ‘आता पुरे’ म्हटलं तर तेही तितक्याच गांभीर्यानं ऐका. ‘एवढा खर्च केला’ हे वाक्य त्या दिवशी तोंडातून येऊ देऊ नका. पुढं चालू ठेवायचं ठरलं, तर पुढच्या वर्षाच्या स्पर्धांच्या तारखा आणि प्रवेशपरीक्षांच्या तारखा एकाच दिनदर्शिकेवर लिहा आणि ती स्वयंपाकघरात टांगा, म्हणजे आजीलाही कळेल की नातू कुठल्या आठवड्यात घरी नाही.