हिरवें कार्ड व प्रयोगशाळेचा कागद

बीड जिल्ह्यांतील बहुतेक ग्रामपंचायतींच्या कचेरींत, भिंतीवर किंवा निदान कपाटांत, पिण्याच्या पाण्याविषयींचें एक रंगीत कार्ड असतें. लाल, पिवळें व हिरवें असे त्याचे रंग. गांवास हिरवें मिळालें म्हणजे गांवकरी समाधान मानतात, आणि तें योग्यच आहे. परंतु गेल्या वर्षीं एका गांवच्या मंडळींतील एका वृद्ध बंधूंनीं आम्हांस विचारिलें, "पाळकसाहेब, कार्ड हिरवें आहे, तर पाणी चांगलें असें समजावें ना?" आम्ही "होय" म्हणून उत्तर दिलें. तें उत्तर चुकीचें होतें. तें कसें, हें सांगण्यासाठीं हा पाठ लिहीत आहों.

हें कार्ड कसें मिळतें तें प्रथम पाहूं. वर्षांतून दोन वेळां, पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर, म्हणजे साधारणतः एप्रिल व ऑक्टोबर ह्या महिन्यांत, आरोग्यसेवक व गांवचा जलसुरक्षक प्रत्येक सार्वजनिक विहीर, हातपंप, टाकी व नळयोजना हीं पाहतात. विहिरीस कठडा आहे कीं नाहीं, हातपंपाचा ओटा फुटला आहे काय, जवळ संडासाचा खड्डा अथवा उकिरडा आहे काय, तेथें जनावरें धुतात काय, नळ गटारांतून गेला आहे काय, टीसीएल पावडर नियमानें पडते काय, असे प्रश्न करून धोक्याचा हिशेब मांडितात. धोका शेकडा ७० किंवा अधिक भरला तर लाल, ३० च्या आंत राहिला तर हिरवें, व मधील सर्व पिवळें. सतत पांच वर्षें हिरवें राहून जेथें सांथ आली नाहीं अशा गांवास चंदेरी कार्ड देतात. वाचकांच्या लक्षांत येईल कीं, ह्या सर्व गोष्टी डोळ्यांनीं दिसणाऱ्या आहेत. ही विहिरीच्या भोंवतालची परीक्षा होय; पाण्याच्या पोटांत काय आहे ह्याची नव्हे.

डोळ्यांनीं पाहण्यास आम्ही कमी लेखीत नाहीं. आपल्या वाडवडिलांस नारू चांगला ठाऊक होता. पायऱ्यांच्या बारवांत लोक पाण्यांत उतरून घागरी भरीत. ज्याच्या पायास नारूची जखम असे, त्याच्या जखमेंतून त्या किड्याचीं पिल्लें पाण्यांत पडत. पाण्यांतील सायक्लॉप्स नांवाचे बारीक जीव तीं गिळीत. आणि तें पाणी जो पिई त्याच्या अंगांत वर्षभरानें हात-दोन हात लांब किडा तयार होऊन कातडी फोडून बाहेर येई. ह्या रोगास औषध नव्हतें व लसही नव्हती. १९८३-८४ च्या सुमारास देशांत मोहीम सुरू झाली. महाराष्ट्र हा नारू असलेल्या प्रांतांपैकींच एक होता. कार्यकर्त्यांनीं घरोघर जाऊन रोगी शोधिले, पायऱ्यांच्या विहिरी बंद करविल्या किंवा त्यांस कठडे बांधविले, आणि पाणी फडक्यानें गाळण्यास शिकविलें. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें राजस्थानांत आढळला, व फेब्रुवारी २००० मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला. एवढें मोठें काम बहुतांशीं पाहण्यानें व नोंद ठेवण्यानें झालें.

परंतु नारू दिसतो, नायट्रेट दिसत नाहीं. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, व चवही कळत नाहीं. उकिरड्याचा, संडासाच्या खड्ड्याचा व शेतांत टाकलेल्या युरियाचा अंश पावसाबरोबर जमिनींत मुरतो व झऱ्याच्या वाटेनें विहिरींत उतरतो. मोठ्या माणसास तो थोडाबहुत सोसतो. परंतु तान्ह्या बाळाच्या, विशेषतः सहा महिन्यांच्या आंतील बाळाच्या, पोटांत तो गेला म्हणजे रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति कमी होते, आणि बाळाचे ओठ व नखें निळीं पडतात. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत हंटर कॉमली नांवाच्या डॉक्टरांनीं १९४५ सालीं प्रथम दाखवून दिलें कीं, शेतांतील विहिरींचें पाणी वरच्या दुधांत घालून पाजल्यानें असें होतें. आईच्या दुधावर असलेल्या बाळास हा धोका फारसा नसतो. भारतीय मानक ब्यूरोनें पिण्याच्या पाण्यासाठीं जें १०५०० क्रमांकाचें मानक ठरविलें आहे, त्यांत एका लिटरांत ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे, व तींत कोणतीही सूट नाहीं. फ्लोराइडची मर्यादा १ मिलिग्रॅम आहे. दुसरें पाणी नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. त्यापुढें गेल्यास मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, व वर्षानुवर्षें प्याल्यास हाडें व सांधे ताठरतात.

ह्या गोष्टी प्रयोगशाळेच्या कागदावरच कळतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा आहेत; तेथें रासायनिक परीक्षा वर्षांतून निदान एकदां व जंतूंची परीक्षा निदान दोनदां व्हावी असा क्रम आहे. म्हणजे गांवास दोन वेगळीं उत्तरें मिळतात: कार्ड एक, कागद दुसरा. कार्ड भिंतीवर लागतें, आणि कागद फायलींत जातो.

आतां आमची चूक सांगतों. त्या वृद्ध बंधूंच्या सुनेस बाळंतपणानंतर आजार झाल्यामुळें बाळास डब्याचें दूध सुरू केलें होतें. आम्ही मंडळींत पूर्वींपासून सांगत आलों होतों कीं, पाणी उकळून प्यावें. त्याप्रमाणें त्या घरीं बोअरचें पाणी चांगलें खळखळून उकळून त्यांत दूध कालवीत असत. कांहीं महिन्यांनीं गांवच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या सभेस आम्ही गेलों असतां कपाटांतून जुना कागद निघाला. त्यांत त्याच बोअरचें नायट्रेट ४५ च्या जागीं ८२ होतें. कागद सात महिन्यांपूर्वींचा होता. उकळल्यानें जंतु मरतात. परंतु नायट्रेट उडून जात नाहीं, उलट पाणी आटल्यामुळें तें अधिक दाट होतें. टीसीएल टाकल्यानेंही तें जात नाहीं. आमच्याच सल्ल्यानें त्या बाळास अधिक वाईट पाणी मिळत होतें. बाळास कांहीं अपाय झाला नाहीं, ह्याबद्दल आम्ही देवाचे आभार मानितों. पण त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. दुसरे दिवशीं वेशीजवळच्या जुन्या आडाच्या पाण्याचा नमुना पाठविला. तें मर्यादेच्या आंत निघालें, व तेव्हांपासून तान्ह्या बाळांच्या घरीं तेथील पाणी जातें. बोअरशेजारचे तीन उकिरडे हलविण्याचें ठरलें होतें. त्यांपैकीं दोन हलले आहेत.

कागद कोणी लपविला होता असें नाहीं. कोणी वाचला नव्हता इतकेंच. ह्याचें एक कारण आपल्या जिल्ह्याच्या दैन्यांत आहे. येथें पाण्याविषयीं पहिला प्रश्न "आलें का?" हा असतो, "कसें आहे?" हा फार मागून येतो. २०१६ च्या उन्हाळ्यांत शेजारच्या लातूर शहरास आगगाडीनें पाणी आणावें लागलें, व आपलीं खेडीं टँकरची वाट पाहत बसलीं. अशा वेळीं नायट्रेटाची गोष्ट कोण काढणार? बीडजवळची सोळाव्या शतकांतील खजाना विहीर पाहून आलेले लोक तिचें पाणी आटत नाहीं हें कौतुकानें सांगतात. तें पाणी कसें आहे हें विचारणारा आम्हांस अजून भेटला नाहीं. शिवाय टंचाईमुळें बोअर खोल खोल जातात, आणि फार खोल खडकांतील जुन्या पाण्यांत फ्लोराइड अधिक असण्याचा संभव असतो. पाण्याची टंचाई व पाण्याचा दोष हीं दोन संकटें वेगळीं नाहींत.

कागद खरा असावयाचा तर नमुनाही खरा पाहिजे. जंतूंच्या परीक्षेसाठीं प्रयोगशाळेंतून निर्जंतुक बाटली येते. क्लोरीनचा परिणाम तेथेंच थांबावा म्हणून तींत थोडेंसें औषध आधींच घातलेलें असतें. म्हणून ती बाटली विसळूं नये, व तिच्या तोंडास बोट लावूं नये. उलट रासायनिक परीक्षेचा डबा त्याच पाण्यानें दोनतीन वेळां विसळावा लागतो. आम्ही एका ठिकाणीं नेमकें ह्याच्या उलट होतांना पाहिलें. जंतूंचा नमुना बर्फाच्या पेटींत घालून त्याच दिवशीं पोंचवावा. दोन दिवस मोटारसायकलच्या डिकींत फिरलेल्या बाटलीचें उत्तर कोणत्याच गांवचें नसतें. क्लोरीन पाहावयाचा तो टाकीजवळच्या नळावर नव्हे, तर नळाच्या शेवटच्या घरीं. तेथें लिटरास निदान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे. औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळसर झालें म्हणजे तो आहे असें समजावें. हें शेवटचें घर बहुधा कोणत्या वस्तींत असतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आणि पावडरही पाहावी. ताज्या टीसीएलमध्यें शेकडा ३३ च्या सुमारास क्लोरीन असतो. पोतें ओलाव्यांत उघडें राहिलें म्हणजे जोर उडतो, व २० च्या खालीं गेलेली पावडर पाणी पांढरें करण्यापलीकडे फारसें कांहीं करीत नाहीं.

कायद्याचें बळ किती, असें कोणी विचारील. बाटलींत भरून विकावयाच्या पाण्यास कायद्यानें परवाना लागतो; परंतु ग्रामपंचायतीच्या नळयोजनेवर वर सांगितलेलें मानक कायद्यानें बंधनकारक केलेलें नाहीं. १९९३ सालीं महाराष्ट्रानें कायदा करून सार्वजनिक पाण्याच्या उगमापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून विहीर खणण्यास मनाई केली. तो पाणी टिकविण्यासाठीं होता. अमेरिकेंत १९७४ च्या कायद्यास १९९६ सालीं दुरुस्ती होऊन, नळयोजना चालविणाऱ्यानें पाण्याच्या परीक्षेचा अहवाल दरवर्षीं ग्राहकांस दिला पाहिजे असें ठरलें. आपल्याकडे तो मागावा लागतो. तथापि मागितल्यास मिळतो: ग्रामसभेंत कागद वाचून दाखविण्याची मागणी कोणीही करूं शकतो, व जलजीवन मिशनच्या संकेतस्थळावर गांवाच्या नांवानें नोंदीही पाहतां येतात. हल्लीं पुष्कळ घरीं थंड जारचें पाणी येतें व लोक तें निर्धास्तपणें पितात. त्या जारचा नमुना ठराविक वेळीं कोठें जातो असें आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं.

१५ ऑगस्ट २०१९ रोजीं जाहीर झालेल्या ह्या मिशनांत प्रत्येक गांवीं पांच स्त्रियांस पाणी तपासण्याची पेटी वापरण्यास शिकवावें अशी योजना आहे, व ती आम्हांस फार आवडली. रंग जुळवून नायट्रेट व फ्लोराइड किती हें त्या साधारणपणें सांगूं शकतात, आणि जंतूंच्या बाटलींतील पाणी एकदोन दिवसांत काळें झालें तर तें दूषित म्हणून ओळखतात. पण आमच्या त्या गांवांतील पांचांपैकीं तिघी ऊसतोडीस जातात. पावसाळ्यानंतरची तपासणी ऑक्टोबरांत, आणि टोळ्या निघतात त्याही त्याच सुमारास. पेटी गांवीं राहते व शिकलेले हात कारखान्याच्या थळावर जातात. तेथें कोपींत राहून त्या शेतांतल्या विहिरीचें किंवा पाटाचें पाणी पितात. त्या पाण्यास लाल, पिवळें वा हिरवें कोणतेंच कार्ड नसतें, कारण कोपी हें गांव नव्हे. गेल्या हंगामांत त्यांपैकीं एका भगिनीनें जंतु तपासण्याच्या दोन बाटल्या कपड्यांच्या गांठोड्यांत बांधून नेल्या. दोन्ही काळ्या झाल्या. तिनें मुकादमास दाखविल्या, तेव्हां दोन दिवस टँकर आला व पुन्हा बंद झाला; पुढें तिच्या कोपींत पाणी उकळून पिऊं लागले, आणि येथें तें उकळणें बरोबर होतें.

यंदा ऑक्टोबरचा नमुना टोळ्या निघण्यापूर्वींच घ्यावा, अशी विनंती आम्ही ग्रामपंचायत अधिकाऱ्यांस, ज्यांस गांवकरी अजून ग्रामसेवकच म्हणतात, केली आहे. बाटल्या आल्या आहेत. तारीख अद्याप ठरलेली नाहीं.