पिशवीला दोष, उन्हाला माफी

अस्पॅरॅगसचा माल बाजारात उतरवून घेतला नाही, की पट्टीवरचा शेरा ठरलेला: ‘पॅकिंग खराब’. दोन शब्दांत सगळा तोटा उत्पादकाच्या पदरात टाकून समोरचा मोकळा. क्रेट कुणाच्या ताब्यात किती वेळ उन्हात पडून होते, याची नोंद त्या शेऱ्यात कधीच नसते. मला या शेऱ्याचा राग आहे आणि तो लपवायचं कारण दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे तो आपणही खरा मानतो आणि पुढच्या तोड्याला आणखी महाग पिशवी घेतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की अस्पॅरॅगस टिकतो तो काढणीनंतरच्या पहिल्या काही तासांत मिळालेल्या थंडीवर. पिशवी, पेटी, फिल्म यांचं काम त्यानंतर सुरू होतं.

आपण कापतो तो ऐन वाढीतला कोंब. कांदा-बटाटा काढल्यावर झोपी जातात, हा कापल्यावरही धावत असतो. श्वसनाच्या वेगात अस्पॅरॅगस भाज्यांमध्ये अगदी वरच्या ओळीत बसतो. शून्य अंशाला जो वेग, त्याच्या निदान पाच-सहा पट वीस अंशाला होतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात वीस अंश म्हणजे पहाटेची चैन. श्वसनात साखर जळते, उष्णता निघते, त्यामुळे गरम कोंब भरून बंद केलेली पेटी आतून स्वतःच तापत राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्राने दिलेला आकडा प्रत्येक शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा असा आहे: थंड करायला ४ तास उशीर झाला, तर कोंबाचा चिवटपणा सरासरी ४० टक्क्यांनी वाढतो. एकदा चिवट झालेला कोंब नंतर कितीही थंड केला तरी कोवळा होत नाही. पटत नसेल तर नाकारलेल्या जुडीतला एक कोंब हातात घ्या. बुडाशी कापलेलं तोंड पांढरट, कोरडं झालेलं असतं आणि सोलायला गेलं की दोरे निघतात. शेंड्यावरचे घट्ट मिटलेले खवले सुटून पिसारायला लागलेले असतात. शेंडा बोटांत दाबला आणि बुळबुळीत लागला, कुजका वास आला, तर जिवाणूंनी घर केलं समजा. यातलं एकही लक्षण पिशवी बदलून जाणारं नाही.

फिल्म विकणाऱ्यांचं म्हणणं असतं, की त्यांच्या पाकिटात माल तीन आठवडे राहतो. राहतो, खोटं नाही. पण सुमारे २ अंश तापमानाला आणि ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रतेला. हवेत कार्बन डायऑक्साइड ५ ते १० टक्के ठेवला तर सड आणि चिवटपणा दोन्ही लांबतात, हेही खरं. मात्र फिल्मची छिद्रं आणि जाडी ठरवतात ती थंड कोंबाच्या श्वासाचा हिशोब धरून. तेच पाकीट तापलेल्या टेम्पोत गेलं, की कोंब आतला ऑक्सिजन संपवतो, आंबतो, आणि पाकीट फोडल्यावर जो वास येतो तो कुठल्याही गिऱ्हाइकाला परत पाठवायला पुरेसा असतो. थंडीची खात्री नसेल तर बंद फिल्मपेक्षा साधी भोकांची पिशवी परवडते. थंडीची ही अट फिल्म विकताना कुणी ठासून सांगत नाही. माल सडल्यावर मात्र ‘तुम्ही नीट सील केलं नसेल’ हे लगेच ऐकायला मिळतं.

आता नेहमीचा प्रश्न: लहान शेतकऱ्याने प्रीकूलिंग आणायचं कुठून? आक्षेप रास्त आहे, पण पूर्ण नाही. तोडणी उजाडता उजाडता आटोपणं आणि क्रेट लगेच सावलीत नेणं याला पैसा लागत नाही. बर्फ घातलेल्या, क्लोरीन टाकलेल्या स्वच्छ पाण्यात कोंब बुडवले तर काही मिनिटांत त्यांची उष्णता उतरते. त्यासाठी एक ड्रम आणि बर्फाची लादी पुरते. पाणी मात्र बदलत राहा, नाहीतर एका सडक्या कोंबाचा प्रसाद सगळ्यांना. विटा आणि ओली वाळू वापरून केलेला दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा शून्य ऊर्जा शीतकक्ष इथे मुक्कामासाठी अपुरा पडतो, पण बर्फ किंवा गाडी येईपर्यंत माल उघड्यावर ठेवण्यापेक्षा कितीतरी बरा. आणि शतावरीचा अनुभव इथे लावू नका. ती याच वंशातली असली तरी तिची मुळं वाळवून ठेवता येतात, कोंबाला ती सवलत नाही.

पेटीचं थोडक्यात सांगतो. कोंब उभे ठेवा. आडवे ठेवले की शेंडे वरच्या दिशेला वळतात आणि वाकडा माल दुय्यम भावात जातो. म्हणूनच परदेशात तळाशी रुंद आणि वर निमुळती पेटी वापरतात, बुडाशी ओला शोषक पॅड घालतात आणि वर वाढीला थोडी जागा सोडतात. बुडं पाण्यात बुडवून प्रवासाला पाठवू नका; घरी पेल्यात बोटभर पाणी घालून फ्रिजमध्ये ठेवणं वेगळं. फार थंडही नको, शून्य अंशाला दहाएक दिवसांहून जास्त राहिला तर शेंडे काळपट, मलूल पडतात. केळी, सफरचंद, टोमॅटो यांच्या शेजारी ठेवला तर त्यांच्या इथिलीनने कोंब आणखी चिवट होतो, आणि शीतगृहवाले मोकळी जागा दिसली की नेमके तेच क्रेट तिथे सरकवतात. गाडी भरताना थर्मामीटर कोंबात खुपसा, आकडा आणि वेळ चलनावर लिहा, ड्रायव्हरची सही घ्या. उतरवताना तेच पुन्हा करायला लावा. दोन आकडे समोरासमोर आले, की ‘पॅकिंग खराब’ लिहिणाऱ्याला आधी मधल्या तासांचा हिशोब द्यावा लागतो.