टेस्ट हिरव्या, खाडे गायब!

आधीच सांगते. माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली, त्यामुळे मराठीत टेक्निकल लेख लिहायची ही पहिलीच वेळ. शुद्धलेखन आईने तपासलंय. प्रोग्रॅममधल्या चुका मात्र माझ्याच, आणि हा लेख त्यांच्यावरच आहे.

गेल्या सेमिस्टरला मी आणि माझ्या रूममेटने मिनी प्रोजेक्ट म्हणून हॉस्टेलच्या मेससाठी खाडे नोंदवायचं वेबपेज केलं. घरी जाण्याआधी तारखा भरायच्या, महिनाअखेरीस तेवढे दिवस बिलातून वजा. काकूंच्या वहीला सुट्टी! सरांनी विचारलं, "टेस्ट केसेस कुठे आहेत?" म्हणून आपोआप चालणाऱ्या टेस्टही लिहिल्या.

पहिली चूक : अक्षरन् अक्षर जुळवणे

सर्व्हरकडून आलेलं अख्खं एचटीएमएल एका स्ट्रिंगमध्ये घ्यायचं आणि आधी सेव्ह केलेल्या स्ट्रिंगशी ताडून बघायचं, अशी आमची टेस्ट होती. पण एचटीएमएलमध्ये एकच गोष्ट अनेक प्रकारे लिहिता येते. ॲट्रिब्यूट्सचा क्रम बदला, सिंगल कोट वापरा की डबल, टॅग कॅपिटलमध्ये लिहा की स्मॉलमध्ये, ब्राउझरला फरक पडत नाही. परिच्छेदाचा 'पी' टॅग बंद करायचा राहिला तरी चालतं, कारण तशी मुभा नियमांतच आहे. स्ट्रिंगला मात्र एका स्पेसचाही फरक पडतो. रूममेटने टॅबच्या जागी स्पेस दिल्या आणि ११ टेस्ट लाल! पेज ठणठणीत. असं चार-पाच वेळा झालं आणि आमचं 'लांडगा आला रे आला' झालं. शेवटी सबमिशनच्या आदल्या रात्री त्या सगळ्या टेस्ट कमेंट करून टाकल्या.

दुसरी चूक : नुसता एक शब्द शोधणे

त्यांच्या जागी एक सोपी टेस्ट लिहिली. पानात 'खाडा' हा शब्द आहे का? असला की हिरवी. पण तो शब्द पानाच्या टायटलमध्येच होता. म्हणजे खालचा फॉर्म अख्खा उडाला असता तरी टेस्ट हिरवीच राहिली असती.

आणि व्हायचं ते झालंच. रूममेटने फॉर्म नव्याने मांडला, तेव्हा तारखेच्या इनपुटचं 'नेम' ॲट्रिब्यूट राहून गेलं. 'आयडी' होता, त्यामुळे लेबलवर क्लिक केलं की कर्सर बरोबर चौकटीत जायचा. दिसायला सगळं छान. पण फॉर्म सबमिट करताना ब्राउझर फक्त 'नेम' असलेलीच इनपुट पाठवतो, आयडी त्या कामाला चालत नाही. तारीख सर्व्हरपर्यंत पोहोचतच नव्हती. वर आमच्या प्रोग्रॅमने रिकामी तारीख म्हणजे शून्य खाडे असं धरलं आणि 'नोंद झाली' असा मेसेजही दाखवला.

फर्स्ट इयरची एक मुलगी आजी आजारी म्हणून ८ दिवस घरी गेली होती. तिला पूर्ण महिन्याचं बिल आलं. काकू म्हणाल्या, "कॉम्प्युटरमध्ये नाही म्हणजे तू भरलंच नाहीस." ती माझ्याकडे येऊन रडवेली होऊन म्हणाली, "ताई, मी खरंच भरलं होतं." वहीत तिच्या हाताने लिहिलेलं तरी दाखवता आलं असतं. आमच्या पेजने तिला खोटं पाडलं.

मग बरोबर पद्धत कोणती?

१. आधी पार्स करा. एचटीएमएलला स्ट्रिंग समजू नका, ते एक झाड आहे. पायथनमध्ये ब्यूटिफुल सूप, जावामध्ये जेसूप अशा लायब्ररी हे झाड बनवून देतात. मग सीएसएस सिलेक्टरने झाडाला नेमका प्रश्न विचारायचा : या फॉर्मच्या आत 'तारीख' नेम असलेलं इनपुट आहे का? बरोबर एकच आहे का? स्पेस, क्रम, कोट यांची कटकट तिथेच संपते.

२. लांबलचक पत्ता देऊ नका. ब्राउझरमधून कॉपी केलेला एक्सपाथ म्हणजे 'तिसऱ्या डिव्हमधलं दुसरं टेबल' असा पत्ता. मध्ये एक डिव्ह वाढला की पत्ता चुकला. शिवाय टेबलमध्ये तुम्ही 'टीबॉडी' लिहिला नसला तरी ब्राउझर स्वतःच घालतो. पायथनसोबत येणारा साधा पार्सर घालत नाही. त्यामुळे ब्राउझरमध्ये चालणारा पत्ता टेस्टमध्ये सापडत नाही. यात माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली! त्यापेक्षा लेबल, बटणावरचं नाव किंवा नेम यावरून शोधा.

३. व्हॅलिडेटरवर विसंबू नका. तो व्याकरण तपासतो. नेम नसलेलं इनपुट नियमाने चूक नाही, म्हणून तो काही बोलणार नाही.

४. निदान एक टेस्ट खऱ्या ब्राउझरमध्ये चालवा. २००४ साली सुरू झालेलं सेलेनियम किंवा २०२० साली आलेलं प्लेराइट माणसासारखं फॉर्म भरून बटण दाबतं. नंतर डेटाबेसमध्ये तारीख आली का ते बघायचं. अशा टेस्ट हळू चालतात, म्हणून मोजक्याच ठेवा.

५. टेस्ट मुद्दाम पाडून बघा. नेम काढून टाका आणि टेस्ट चालवा. लाल झाली नाही, तर ती टेस्ट शोभेची आहे. आम्ही हे एकदा जरी केलं असतं तरी चूक त्याच दिवशी कळली असती.

आता आमच्याकडे ११ च्या जागी ५ टेस्ट आहेत. पेजचा रंग दोनदा बदलला, एकही उगाच लाल झाली नाही. रिकामी तारीख आली तर प्रोग्रॅम आता एरर दाखवतो. मेस कमिटीने त्या मुलीचे ८ दिवस पुढच्या बिलात वजा केले. काकूंकडे जाऊन चूक आमची होती हे मी स्वतः सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मग वही चालू ठेवू ना?"

वही अजून चालू आहे. सेमिस्टर संपेपर्यंत दोन्हीकडचे आकडे जुळले, तर बंद करणार आहेत म्हणे.