ट्रामच्या जुन्या वाटेनें मुंबई-दर्शन

ऑस्ट्रेलियांतील बेंडिगो ह्या गांवीं 1851 सालीं सोनें सांपडलें आणि देशोदेशींचे लोक तिकडे धांवले. सोन्याचा भर ओसरला, तरी तेथें ट्राम राहिली. 1972 पासून ती पाहुण्यांस गांव दाखवीत फिरत आहे. भूगोलाच्या तासास हें ऐकून वर्गांत प्रश्न निघाला, कीं आपल्याकडे असें एखादें शहर आहे काय? मुंबई आहे. मात्र तिचें सोनें खाणींतून निघालें नाहीं, कापसाच्या बोंडांतून निघालें. आणि त्यांतील कांहीं बोंडें आमच्या वऱ्हाड-नागपुराकडील काळ्या मातींतलीं होतीं.

म्हणून सुटींत आम्ही मुंबईस गेलों. तेथें आतां ट्राम नाहीं. शेवटची गाडी 31 मार्च 1964 रोजीं रात्रीं बोरीबंदराहून दादरला गेली. तेव्हां पहिल्या ट्रामचा मार्ग पायींच चालावयाचा, असें आम्हीं ठरविलें. 9 मे 1874 रोजीं घोड्यांची ट्राम सुरू झाली, ती कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीस जाई. भाडें तीन आणे, आणि आरंभीं तिकीट म्हणून देतच नसत! कंपनीजवळ नऊशें घोडे होते. विजेची ट्राम 1907 सालीं आली.

कुलाब्यास एके काळीं कापसाचे गठ्ठे रचलेले असत. 1861 सालीं अमेरिकेंत यादवी पेटली, दक्षिणेकडील बंदरें अडविलीं गेलीं, व लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला. त्यांनीं मुंबईकडे हात पसरला. भाव असे चढले, कीं शहरांत पैसा मावेना. मग समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांच्या शेअरांपायीं शहाणीं माणसेंही वेडावलीं. एप्रिल 1865 मध्यें यादवी संपत आली, भाव कोसळले, 1 जुलै हा देण्याघेण्याचा दिवस उजाडला आणि पेढ्यांवर पेढ्या बुडाल्या. ह्या बाजाराचे राजे प्रेमचंद रायचंद हेही त्यांत बुडाले. परंतु त्यांच्या देणगींतून, त्यांच्या मातोश्रींच्या नांवें उभारलेला राजाबाई टॉवर 1878 सालीं पुरा झाला. त्याखालीं आम्ही पुष्कळ वेळ मान वर करून उभे होतों.

तेथेंच एका विद्यार्थ्यानें विचारलें, “गुरुजी, शेतकऱ्यास काय मिळालें?” त्याच्या घरीं कपाशीची शेती आहे. आम्हांस चटकन् उत्तर देतां येईना. तेजीच्या दिवसांत इकडचा कापूस बैलगाड्यांवर लादून न्यावा लागे. नागपुरास आगगाडी पोंचली ती 1867 सालीं, म्हणजे तेजी मोडून दोन वर्षें झाल्यावर. भाव पडले ते मात्र गाडीची वाट न पाहतां खेडोपाडीं पोंचले. त्या पडझडीची झळ टाटांच्या पेढीसही लागली होती. पुढें जमशेटजी टाटांनीं कापूस पिकतो तेथेंच गिरणी घालावी असें ठरविलें, आणि 1 जानेवारी 1877 रोजीं नागपुरांत एम्प्रेस मिल सुरू झाली. ती आतां बंद आहे. पण आमच्यापैकीं दोघांचे आजोबा तेथें कामास होते.

फ्लोरा फाउंटनजवळ 2017 सालीं खोदकामांत ट्रामचे जुने रूळ सांपडले, ती जागा पाहून आम्ही पुढें निघालों. काळबादेवीची गर्दी ओलांडून पायधुणीस पोंचलों, तों नांवाप्रमाणें खरोखरच पाय धुवावेसे वाटूं लागले! तेथून बस घेतली. कंडक्टरनें “दादर टी. टी.” अशी हाक दिली, तेव्हां मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, असें आम्हीं सांगितलें. शेजारच्या बांकावरील एक वृद्ध गृहस्थ हंसले आणि म्हणाले, “मी त्या शेवटच्या गाडीला लोंबकळलों होतों.” मग दादर येईपर्यंत आम्हांस कांहीं बोलावें लागलें नाहीं, तेच बोलत होते.