मोर ओला असताना पोत्यात भरू नका

सातपुड्यात मोलगी, डाब आणि आसपासच्या पाड्यांवर मोर आणि बर्टी ही बारीक तृणधान्ये कापणीला आली आहेत, आणि परतीच्या पावसाने अजून काढता पाय घेतलेला नाही. पेरणी, निंदणी, खत यांवर इथे एक ओळही खर्च करत नाही. ते तुम्हाला येते. काळजी वेगळीच आहे. हाच मोर गिरणीतून निघाला की भगर होतो, आणि अलीकडे नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र आली की राज्यात कुठे ना कुठे भगर खाऊन माणसे दवाखान्यात दाखल झाल्याची बातमी येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहात एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद घेतलेल्या शेकडो भाविकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. खाटा पुरल्या नाहीत. झाडांना दोरी बांधून तिच्यावर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. अशा वेळी बोट जाते ते आचाऱ्याकडे, पाण्याकडे, भांड्यांकडे. तेही कारण असू शकते, नाही असे नाही. पण भगरीच्या बाबतीत चौकशी खळ्यापासून सुरू व्हायला हवी, आणि खळे आपल्या ताब्यात आहे.

अन्न व औषध प्रशासन सणासुदीच्या तोंडावर भगरीबद्दल जो इशारा देते, तो नीट वाचा. भगरीवर अस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि ती फ्युमिगाक्लेविनसारखी विषद्रव्ये तयार करते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातले तापमान आणि हवेतला ओलावा तिला मानवतो. म्हणजे नेमका आपला कापणी-मळणीचा काळ. मळमळ, उलट्या, जुलाब, चक्कर, थंडी वाजून अंगाला कापरे ही लक्षणे. यावर हमखास येणारे उत्तर असे की, शिजवल्यावर सगळे मरते. बुरशी मरते, हे खरे. तिने दाण्यात सोडलेले विष मात्र घरच्या चुलीवर निघून जाईल याचा भरवसा नाही. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. लिस्टेरिया नावाचा जीवाणू घ्या. तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो, गरोदर बाईचा गर्भ पाडू शकतो, म्हाताऱ्यांचा जीव घेतो. पण अन्न नीट शिजवले की तो संपतो. भगरीतला शत्रू जिवंत नाही, म्हणून तो मारताही येत नाही. एका बाबतीत मात्र दोघांची गोष्ट सारखी आहे. २०११ साली अमेरिकेत कोलोराडोमधल्या एका शेतावरची खरबुजे खाऊन लिस्टेरियाने ३३ माणसे दगावली, तेव्हा तपास येऊन थांबला तो फळे धुण्या-भरण्याच्या शेडमध्ये: यंत्रांवर जंतू होते, जमिनीवर पाणी साचलेले होते. पीक चांगले होते, काढणीनंतरच्या हाताळणीने घात केला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आजे-पणजे जन्मभर मोर खात आले, त्यांना कधी काही झाले नाही. त्यांना काहीच झाले नाही हे कोणी लिहून ठेवलेले नाही. उलटी-चक्कर आली तर ती कशाने, हे विचारणारेही कोणी नव्हते. तरीही या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते आपल्याच विरुद्ध जाते. पूर्वी मोर टरफलासकट कणगीत राहायचा आणि लागेल तेवढाच कांडला जायचा. टरफल हे दाण्याचे संरक्षण आहे. आज सगळा माल एकदम गिरणीत जातो, उघडी भगर महिनोन्महिने पोत्यात राहते, पुढे तिचे पीठ होते आणि ते दुकानात पडून ओल ओढते. आजोबांचे धान्य तेच आहे, त्यांची पद्धत आपण सोडली. शिवाय बारीक तृणधान्यातले विष ही नुसती अफवा नाही. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या बांधवगडमध्ये १० हत्ती मेले. कोणी विष घातले असावे असा संशय आधी होता. तपासणीत कीटकनाशक सापडले नाही, सापडले ते सायक्लोपियाझोनिक आम्ल, बुरशी लागलेल्या कोद्र्यातले. तो कोद्रा कोठारातला नव्हता, शेतात उभा होता. पक्व कणसावर पाऊस पडत राहिला तर बुरशीचा शिरकाव रानातच होऊ शकतो. म्हणून पिकलेला मोर ‘सवडीने कापू’ म्हणत उभा ठेवू नका. कापलेला ओला माल गंजी घालून दडपू नका. आतून ऊब धरते. पावसात भिजलेला माल वेगळा ठेवा, कोरड्यात मिसळू नका. मिसळल्याने खराब माल सुधारत नाही, चांगला मात्र जातो, आणि व्यापाऱ्याच्या ढिगात गेल्यावर कोणते पोते कोणाचे हे कोणालाच सांगता येत नाही.

आता वाळवणे. याच भागातली माणसे चैत्र-वैशाखात आमचूर वाळवतात, आभाळ आले की फोडी गोळा करायला धावतात, कारण फोड काळी पडली तर भाव पडतो हे त्यांना पक्के माहीत आहे. मोराची ओल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो दुपारभर पसरून संध्याकाळी पोत्यात भरला जातो. हा आळस आता परवडणारा नाही. ताडपत्रीवर पातळ थर द्या, शेणाने नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर नको; दिवसातून तीन-चार वेळा पालथा करा; सूर्य कलला की झाका, कारण सातपुड्यातले दव दिवसभराचे वाळवण वाया घालवते. साठवणीच्या धान्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. मोजायचे यंत्र नसेल तर काचेची कोरडी बाटली घ्या, तिसरा हिस्सा धान्य भरा, दोन-तीन चमचे कोरडे मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे, पोते शिवू नका. मीठ सुटे राहिले तरी काम संपलेले नाही. त्यानंतर आणखी दोन चांगली उन्हे द्या. यावर कुरकूर असते ती वजनाची. हिशेब सरळ आहे: १६ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल माल १२ टक्क्यांवर आणला तर साडेचार किलो वजन घटते. पण ते साडेचार किलो पाणी होते. पाणी भगरीच्या भावाने विकायचे आणि कोणाच्या तरी उपवासाच्या ताटात विष जाऊ द्यायचे, याला चतुराई म्हणत नाहीत.

घरगुती उपायांचा नाद तर आधी सोडा. पोत्यात कडुनिंबाचा पाला घालतात. वाळलेला पाला किड्याला थोडाफार अटकाव करील, बुरशीला नाही. आणि ताजा हिरवा पाला घातला तर तुम्ही हाताने धान्यात ओल घालता. काही जण सेल्फॉसच्या गोळ्या आणतात. त्या गोळीचा वायू किडे मारतो आणि बंद घरात झोपलेल्या माणसांनाही मारतो; आधीच तयार झालेल्या विषाचे तो काहीही करत नाही. राहत्या घरात ही गोळी नको म्हणजे नको. बुरशी दिसल्यावर धुऊन पुन्हा उन्हात टाकण्याची युक्तीही फसवी आहे: वरचा हिरवट-काळा थर जातो, वास जातो, माल विकण्याजोगा दिसू लागतो आणि धोका आतच राहतो.

वाळलेला मोर टरफलासकट, फळ्यांवर, भिंतीपासून हात-दीड हात दूर ठेवा आणि मागणी येईल तेवढाच गिरणीला न्या. पीठ साठवायचेच नाही. बचत गटांनी पाकिटावर भरडल्याची तारीख छापावी आणि बॅच क्रमांक टाकावा, म्हणजे तक्रार आली तर सगळा माल नाही, तेवढीच बॅच परत घेता येते. शंका आली तर कोळदे येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारा. कुबट वास येणारे, गोळे धरलेले पोते विकू नका, कोंबड्या-गुरांनाही घालू नका. खड्डा करून पुरा. आणि भगर खाल्ल्यावर घरात एकाहून अधिक माणसांना उलट्या, चक्कर किंवा कापरे सुरू झाले, तर भगताकडे वेळ न घालवता मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात न्या, आणि उरलेली भगर फेकून न देता तपासणीसाठी बंद डब्यात सोबत घ्या.