कोपरातली खुंटी

कोपराचा सांधा बिजागरीचा, हे शालेय पुस्तकांतले वर्गीकरण चुकीचे नसले तरी अपुरे आहे. अग्रबाहू, म्हणजे कोपर ते मनगट हा भाग, दाराच्या फळीसारखा एकाच दिशेत सुमारे १४० अंशांपर्यंत मिटतो हे खरे. परंतु सांध्याच्या त्याच वेष्टनात अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे, म्हणजे रेडियसचे, वाटोळे डोके शेजारच्या हाडाला टेकून स्वतःभोवती फिरत असते आणि अशा सांध्याला खुंटीचा सांधा म्हणतात. कुलपात किल्ली फिरवताना किंवा पालथा तळहात उताणा करताना फिरते ते हेच डोके, आणि ते जागेवर राहावे म्हणून त्याभोवती अस्थिबंधाचे, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्याचे, कडे असते.

या कड्याची खालची पकड साधारण पाचव्या वर्षापर्यंत कच्ची असते. त्याआधी मुलाचा सरळ, पालथा हात मनगटाशी धरून एकदम ओढला, की कडे डोक्यावरून सरकून सांध्यात अडकते. हाड खोबणीतून पुरते बाहेर आलेले नसल्याने सूज सहसा दिसत नाही आणि फसगत होते. प्रस्तुत लेखकाची तशीच झाली. अडीच वर्षांच्या नातीला एका हाताने उचलून दोन पायऱ्या चढवल्यावर ती रडली, हात किंचित वाकवून पोटाशी धरून बसली आणि मनगट दाखवू लागली. तेव्हा मनगटच मुरगळले असे समजून कोमट तेल चोळण्यात आणि पट्टी बांधण्यात अख्खी रात्र गेली. घरात तीन मुले वाढवल्याचा अनुभव इथे कामी आला नाही, उलट आडच आला. सकाळी डॉक्टरांनी अग्रबाहू फिरवत कोपर मिटवले, त्यांच्या बोटांना बारीक ‘खट्’ जाणवले आणि पंधरा मिनिटांत नातीने त्याच हाताने बिस्किट उचलले.

मूल एकाएकी हात वापरेनासे झाले, तर हाताला ओढ बसली होती का हे आठवून डॉक्टरांना आधी तेच सांगावे, कारण निदान बहुतांशी त्या हकिकतीवरूनच होते. मात्र मूल पडले असेल, सूज असेल किंवा हाताचा आकार बदलला असेल, तर हाड मोडल्याची शक्यता धरून हात आहे त्या स्थितीत आधाराने ठेवावा आणि तपासणी होईपर्यंत कोणालाही, ख्यातनाम हाडवैद्यालाही, तो फिरवू देऊ नये. मुलाला उचलायचे ते दोन्ही काखांखाली धरून; दोघांनी दोन हात धरून झोके देण्यात किंवा घट्ट बाहीतून हात खेचून काढण्यातही तीच ओढ बसते. एकदा निसटलेले कडे पुन्हा निसटू शकते, म्हणून पाळणाघरातल्या ताईंनाही हे सांगून ठेवावे.